डिकीतल्या सबवूफरचा बेस सुधारायचा आहे: आधी अ‍ॅम्प्लिफायर बदलावा की पेटी?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१९ सालची पेट्रोल स्विफ्ट आहे. स्टिरिओ कंपनीचाच ठेवला आहे, पुढच्या दारांतले साडेसहा इंची स्पीकर बदलले आहेत आणि डिकीत बारा इंची सबवूफर (फक्त खालच्या सुरांचा स्पीकर) तयार पेटीसकट बसवून घेतला आहे. सबवूफर ३०० वॉट आरएमएसचा (म्हणजे सलग पेलवणाऱ्या ताकदीचा), एका कॉइलचा (पडदा हलवणारे तारेचे वेटोळे) आणि ४ ओहमचा आहे. त्याला दोन चॅनलचा क्लास एबी अ‍ॅम्प्लिफायर ब्रिज करून (दोन्ही चॅनल एकत्र करून) जोडलेला आहे. या अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावर १००० वॉट असे छापलेले आहे आणि त्याला २० अँपिअरचा एकच फ्यूज आहे.

बेस भरपूर येतो, पण सगळा एकाच सुराचा येतो. लोकसंगीतात ढोलकीची थाप आणि तिच्यामागून येणारा घुमारा वेगवेगळे कळायला हवेत, तिथे मला एकच लांबट हुंकार ऐकू येतो. बेस गिटार खाली उतरत गेली की मधले एक-दोन सूर अंगावर येतात आणि त्याखालचे सूर जवळजवळ नाहीसे होतात. आवाज वाढवला की सबवूफरमधून कधी कधी टकटक असा कोरडा आवाजही येतो, आणि रात्री सिग्नलला थांबलो असताना प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होतात.

ज्या दुकानात काम करून घेतले तिथे १५०० वॉटचा मोनो (एकाच चॅनलचा) अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला सांगत आहेत. माझा एक मित्र मात्र सुताराकडून नवी पेटी करून घे म्हणतो. दोन्ही खर्च एकदम करणे मला शक्य नाही, म्हणून आधी कशाला हात घालावा हे जाणकारांनी सांगावे. माहिती म्हणून देतो: पेटीचे आतले आकारमान, सबवूफर आणि नळीची जागा वजा जाता, ४० लिटरच्या आसपास भरते. हवेची नळी आतून ७.५ सेंटिमीटर व्यासाची आणि ८ सेंटिमीटर लांबीची आहे. सबवूफरच्या कागदावर एफएस (सबवूफरची स्वतःची कंपनसंख्या) २९ हर्ट्झ, क्यूटीएस (त्याचे कंपन किती लवकर शमते) ०.४८, व्हीएएस (त्याच्याइतकीच लवचीक असणारी हवा) ६८ लिटर आणि एक्समॅक्स (पडदा एका बाजूला नीट किती हलतो) १० मिलिमीटर असे आकडे आहेत.

खर्जनाद (पुणे)

आपण पेटीची मापे आणि सबवूफरचे आकडे दोन्ही दिलेत हे फार चांगले झाले, कारण आता अंदाजाने बोलायची गरज उरलेली नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की आधी पेटीकडे पाहावे, अ‍ॅम्प्लिफायरचा विचार त्यानंतर करावा, आणि १५०० वॉटचा तर मुळीच घेऊ नये.

नळीच्या पेटीत नळीतली हवा वजनाचे काम करते आणि पेटीतली हवा स्प्रिंगचे. या दोघांची मिळून एक ठरावीक कंपनसंख्या असते, तिलाच आपण पेटीचे ट्यूनिंग म्हणतो. नळीच्या तोंडाशी असलेली थोडी हवाही नळीबरोबर हलते, त्यामुळे आपल्या ८ सेंटिमीटरच्या नळीची हिशेबातली लांबी साधारण साडेतेरा सेंटिमीटर धरावी लागते. ४० लिटरच्या पेटीला ती लावली की ट्यूनिंग जवळपास ५० हर्ट्झ निघते. बारा इंची सबवूफरसाठी हे फारच वर आहे. तयार पेट्या बहुधा अशाच असतात, कारण छोटी नळी स्वस्त पडते आणि दुकानात दोन मिनिटे ऐकवताना ५०-६० हर्ट्झचा दणका छातीवर बसतो.

आता आपली तक्रार याच्याशी जुळते का ते पाहा. ५० हर्ट्झच्या आसपास नळी स्वतःच जोरात वाजते, म्हणून तिथले सूर अंगावर येतात. ट्यूनिंगच्या खाली नळीची पेटी सप्तकामागे २४ डेसिबल या वेगाने पडते, बंद पेटी मात्र १२ डेसिबलनेच पडते. ५० वरून ३५ हर्ट्झपर्यंत म्हणजे अर्धे सप्तक खाली येईतो आपली पेटी १० डेसिबलच्या आसपास गमावून बसलेली असते. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ४१ हर्ट्झच्या जरा वर वाजते, म्हणजे तिचे खालचे सूर नेमके याच उतारावर सापडतात.

ही तूट वॉट वाढवून भरून निघत नाही. वॉट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो, १० डेसिबल हवे असतील तर दहापट वॉट लागतात. शिवाय तेवढे वॉट दिले तरी ५० हर्ट्झचा हुंकार त्याच प्रमाणात वाढेल आणि एकसुरीपणा जिथल्या तिथे राहील. त्याहून गंभीर गोष्ट अशी की ट्यूनिंगच्या खाली नळीतली हवा नुसती आतबाहेर करते, पेटीतल्या हवेचा कोनला (सबवूफरच्या हलणाऱ्या पडद्याला) आधार उरत नाही आणि कोन मोकाट हलतो. आपल्याला ऐकू येणारी टकटक बहुधा कॉइल आपल्या मर्यादेबाहेर जाऊन आपटण्याची आहे. एवढ्याशा अ‍ॅम्प्लिफायरवर हे होत असेल, तर १५०० वॉटवर हा सबवूफर फार काळ टिकणार नाही.

नवीन काही विकत घेण्यापूर्वी एक बिनखर्चाचा प्रयोग करा. नळीत दाट फोम किंवा घट्ट गुंडाळलेला टॉवेल असा ठासून बसवा की हवा अजिबात निसटणार नाही आणि बोळा आतही ओढला जाणार नाही. आपली पेटी आता बंद पेटी झाली. बंद पेटीत सबवूफरचे कंपन किती लवकर शमेल याचा हिशेब सोपा आहे: व्हीएएसला पेटीच्या लिटरने भागायचे, त्यात एक मिळवून वर्गमूळ काढायचे आणि त्याने क्यूटीएसला गुणायचे. आपल्या बाबतीत उत्तर ०.७९ येते. ०.७१ ला उतार सर्वांत सपाट मिळतो आणि १ च्या पुढे बेस फुगू लागतो, म्हणून गाडीसाठी ०.७९ अगदी समाधानकारक आहे. याच रीतीने पेटीची कंपनसंख्या सुमारे ४८ हर्ट्झ येते आणि आवाज ३ डेसिबलने उतरण्याची जागा ४३ हर्ट्झच्या आसपास.

४३ हर्ट्झ ऐकून निराश होऊ नका, कारण हे सगळे आकडे मोकळ्या जागेतले आहेत. काचा बंद असलेल्या लहान गाडीत ध्वनिलहरी केबिनच्या लांबीपेक्षा बऱ्याच मोठ्या झाल्या की सबवूफर संपूर्ण केबिनचा दाब एकदम कमीजास्त करू लागतो आणि बेस आपोआप वर उचलला जातो. हॅचबॅकमध्ये ही उचल साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली सुरू होते. गणिताप्रमाणे ती सप्तकामागे १२ डेसिबल असायला हवी. प्रत्यक्षात दारांच्या फटी आणि थरथरणारे पत्रे यामुळे कमी मिळते. बंद पेटीचा उतारही १२ डेसिबलचाच असल्यामुळे दोन्ही एकमेकांना बरेचसे सांभाळून घेतात. घरच्या होम थिएटरचा अनुभव गाडीला जसाच्या तसा लागू पडत नाही तो यामुळेच, आणि काच खाली केली की बेस ओसरतो तोही यामुळेच.

कागदावरच्या या आकड्यांचे मोल मला फार वाटते. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंग म्हणून वापरून छोट्या पेटीतून खोल बेस काढून दाखवला. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी स्पीकर व पेटी यांचे नाते थोड्या आकड्यांत बसवले. एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस हे त्यांच्याच पद्धतीतले आकडे आहेत. ते हाताशी असताना कोणीही नुसते ऐकीव सल्ल्यावर पैसे घालू नयेत. सबवूफर घेताना हा कागद मिळत नसेल, तर तो सबवूफर घेऊच नये असे मी सांगेन.

नळी बंद करून आठवडाभर गाडी चालवा, मग लिहा.

तांबेतार (नाशिक)

वर सांगितलेले सगळे पटते, पण अ‍ॅम्प्लिफायरचा मुद्दा अगदीच मागे टाकू नये असे मला वाटते. बंद पेटीला नळीची मदत मिळत नाही, म्हणून तिला तेवढ्याच आवाजासाठी जास्त वॉट लागतात. आपल्याकडचे वॉट खरोखर किती आहेत ते आधी पाहू.

खोक्यावरच्या १००० या आकड्याकडे लक्ष देऊ नका, फ्यूज पाहा. २० अँपिअर गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे २७६ वॉट, एवढेच हा अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीकडून सातत्याने घेऊ शकतो. क्लास एबी त्यातले ५५ ते ६० टक्केच सबवूफरला देतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे हाती आले सुमारे १५० ते १६५ वॉट. एखाद्या अ‍ॅम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात सीईए-२००६ या मानकाचा उल्लेख असेल, तर त्याचा वॉटचा आकडा १४.४ व्होल्टला, ४ ओहमवर, १ टक्का विकृतीच्या आत मोजलेला असतो आणि त्यावर विश्वास ठेवता येतो. तसा उल्लेख नसेल तर हा फ्यूजचा हिशेब करावा.

आपल्या सबवूफरला ४ ओहमवर खरे ३०० वॉट देणारा क्लास डी मोनो पुरेसा आहे. आताच्या तुलनेत ३ डेसिबल मिळतील. ऐकायला हा फरक माफक वाटेल, पण जोरात लावल्यावर अ‍ॅम्प्लिफायर दमून लहरींची टोके कापतो ते थांबेल, आणि आवाजाच्या स्वच्छतेत मोठा फरक त्यानेच पडतो. घेताना एक गोष्ट बारकाईने वाचा. पुष्कळ मोनो अ‍ॅम्प्लिफायरचा मोठ्या अक्षरांतला आकडा १ किंवा २ ओहमवरचा असतो. आपला सबवूफर एका कॉइलचा ४ ओहमचा आहे, तेव्हा आपल्याला ४ ओहमच्या रकान्यातला आकडाच मिळणार. दोन कॉइलचा सबवूफर असता तर ४ अधिक ४ ओहमच्या कॉइल समांतर जोडून २ ओहम किंवा एकापुढे एक जोडून ८ ओहम करता आले असते.

क्लास डी सुचवण्याचे आणखी एक कारण आपल्याकडचा उन्हाळा. ३०० वॉट बाहेर काढायला ६० टक्के क्षमतेचा क्लास एबी ५०० वॉट ओढतो आणि २०० वॉटची उष्णता करतो. ८० टक्क्यांचा क्लास डी ३७५ वॉट ओढून ७५ वॉटच तापवतो. मे महिन्यात सांगलीत उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत हा फरक अ‍ॅम्प्लिफायरच्या आयुष्याचा आहे. तो पेटीच्या खाली किंवा गालिच्यात गुंडाळून ठेवू नका, चारी बाजूंनी हवा खेळू द्या.

हेडलाइट मंद होतात त्याविषयी. निम्मे कारण अल्टरनेटर निष्क्रिय वेगात कमी करंट देतो हे आहे; पण आपल्याकडे तार कोणती टाकली आहे तेही तपासा. बाजारातल्या स्वस्त वायरिंग किटमध्ये बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार असते, आणि ती शुद्ध तांब्याच्या जेमतेम दोन तृतीयांश वीज वाहून नेते. टोक चाकूने खरवडा, आतून पांढरट निघाले तर ती अ‍ॅल्युमिनियमची. ३७५ वॉट म्हणजे सुमारे २७ अँपिअर. बॉनेटपासून डिकीपर्यंतच्या ५ मीटर अंतरात ८ गेजच्या (गेज म्हणजे जाडीचा आकडा, तो जितका लहान तितकी तार जाड) शुद्ध तांब्यात पाव व्होल्टच्या जरा वर घट होते, त्याच जाडीच्या मुलामावाल्या तारेत जवळपास ०.४५ व्होल्ट, आणि ४ गेज तांब्यात ०.१ व्होल्टच्या आसपास. ३०० वॉटला ८ गेज तांबे चालेल. गाडी बरीच वर्षे ठेवायची असेल तर ४ गेज टाकून मोकळे व्हा.

फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवाच. हा फ्यूज अ‍ॅम्प्लिफायर वाचवण्यासाठी नसून तारेसाठी असतो. वाटेत कुठे इन्सुलेशन सोलले जाऊन तार पत्र्याला टेकली, तर गाडी पेटण्यापासून वाचवणारी ती एकमेव गोष्ट आहे. केबिनमध्ये तार नेताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट घाला. डिकीतली अर्थिंगची तार अर्ध्या मीटरपेक्षा लांब ठेवू नका, पत्र्याचा रंग चकाकेपर्यंत खरवडून बोल्ट आवळा आणि सीटबेल्टचा बोल्ट कोणत्याही परिस्थितीत त्यासाठी वापरू नका.

दुकानदार कपॅसिटर लावायला सांगतील. एक फॅरडचा कपॅसिटर १३.८ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना २३ ज्यूल ऊर्जा देतो, म्हणजे आपल्या ३७५ वॉटला ०.०६ सेकंद. त्या पैशात चांगली तार येते.

मालवणवाट (कुडाळ)

मध्येच विचारतो, विषय जवळचाच आहे. माझ्या गाडीच्या डिकीत सीएनजीची टाकी आहे. बारा इंची पेटीला जागाच नाही. सीटखालचे आठ इंची सबवूफर मिळतात, अ‍ॅम्प्लिफायरही त्यातच असतो. ते घेण्यात अर्थ आहे का?

खर्जनाद (पुणे)

अर्थ आहे, पण अपेक्षा योग्य ठेवाव्या लागतील. लहान पेटी, खोल बेस आणि मोठा आवाज या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. केएलएच या अमेरिकन कंपनीच्या नावात ज्यांचे आद्याक्षर आहे त्या जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो आणि त्यातून कोणाचीच सुटका नाही. सीटखालच्या पेटीत आकार अगदी लहान असल्यामुळे खोली आणि आवाज दोन्हींत तडजोड झालेली असते. तरीही दारातल्या स्पीकरकडून ८० हर्ट्झखालचे ओझे काढून घेतले की ते मोकळे वाजतात, आणि ढोलकी-तबल्याचा खर्ज बहुतांशी ६० हर्ट्झच्या वरच असल्यामुळे आपल्या संगीताला हा सबवूफर बऱ्यापैकी न्याय देतो.

सुरक्षिततेचे मात्र कळकळीने सांगतो. टाकीत २०० बारपर्यंत दाब असतो. टाकीच्या फ्रेमला किंवा डिकीच्या तळाला स्क्रू मारू नका, ड्रिल चालवू नका, आणि बॅटरीची तार गॅसच्या नळीच्या बाजूने न नेता गाडीच्या दुसऱ्या अंगाने न्या.

कृष्णाकाठ (सांगली)

आपण सांगितल्याप्रमाणे नळीत फोम ठासून बसवला आणि सर्व प्रकारचे संगीत ऐकले. एकूण आवाज कमी झाला हे पहिल्याच गाण्याला जाणवले आणि क्षणभर वाटले की प्रयोग फसला. पण ढोलकीची थाप आता सुटी ऐकू येते, थापेनंतरचा घुमारा निराळा कळतो आणि बोटाने दाबून चढवलेला सूर चढताना ऐकू येतो. बेस गिटारचे खालचे सूर आता नाहीसे होत नाहीत. टकटक पूर्ण थांबली. तार खरवडून पाहिली, आतून पांढरीच निघाली.

एक नवी गोष्ट लक्षात आली. पेटीच्या वरच्या फळीवर हात ठेवला की ती ठोक्यासरशी चांगलीच थरथरते. फळी १२ मिलिमीटरची पार्टिकल बोर्डची आहे आणि एका कोपऱ्यात पावसाळ्यातल्या ओलीने फुगली आहे. तेव्हा बंद पेटी नव्याने करून घ्यायचे ठरवले आहे. सुतार घरचाच आहे, पण त्याने स्पीकरची पेटी कधी केलेली नाही. त्याला नेमके काय सांगावे?

लाकूडकाम (रत्नागिरी)

आपल्या सुताराला एवढेच सांगा की हे कपाट नसून पाण्याची टाकी समजून करायचे आहे, हवेचा एक बुडबुडाही निसटता कामा नये. बाकीचे त्याला येतेच.

आतली मापे ५० × ३२ × २६ सेंटिमीटर धरा, म्हणजे ४१.६ लिटर होतात. सबवूफरची मागची बाजू अडीच-तीन लिटर खाते, ती गेली की ३८-३९ लिटर उरतात, म्हणजे आपल्याला हवे तेवढेच. १८ मिलिमीटरच्या फळीने बाहेरची मापे साधारण ५४ × ३६ × ३० होतात. स्विफ्टची डिकी २६८ लिटरची आहे, त्यामुळे पेटी ठेवूनही एक-दोन बॅगांना जागा राहील. मागच्या सीटच्या उताराला लागून बसावी म्हणून एक बाजू तिरकी करायची असेल तर खुशाल करा, फक्त वरची आणि खालची खोली मिळवून सरासरी २६ आली पाहिजे. सबवूफरच्या मागे चुंबकाला किती खोली लागते ते आधी मोजा आणि चुंबकामागे थोडी हवा मोकळी राहू द्या.

लाकडाविषयी मतभेद आहेत. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) जड असतो, एकसारखा असतो, गोल भोक सुबक कापले जाते, आणि कोरड्या भागात मी तोच सुचवला असता. परंतु आमच्या कोकणात जून ते सप्टेंबर डिकी कधीच पुरती कोरडी नसते, आणि एमडीएफच्या कापलेल्या कडेत पाणी शिरले की ती कड फुगते. सांगलीतही महापुराच्या दिवसांत काय हवामान असते ते आपण जाणता. म्हणून १८ मिलिमीटरचा चांगल्या प्रतीचा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यालाही टिकणारा) प्लाय घ्यावा. एमडीएफच घेतला तर आतून-बाहेरून सगळ्या कडांना सीलर किंवा पॉलिश मारूनच वरून कापड चिकटवावे. एमडीएफची एवढी पेटी नुसतीच १२ किलोच्या आसपास भरते, हेही ध्यानात असू द्या.

समोरच्या फळीला, जिथे सबवूफर बसतो तिथे, दुहेरी जाडी दिली तर उत्तमच. लांब बाजूंच्या मधोमध एक आडवी पट्टी ठोकून दोन समोरासमोरच्या फळ्या एकमेकींना बांधून घ्या, तुम्ही हाताला अनुभवलेली थरथर तिथेच संपेल. सांध्यांना फेविकॉल भरपूर लावून १५ सेंटिमीटरवर एक स्क्रू, आणि स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडायचेच, नाहीतर प्लायच्या कडेचे पापुद्रे सुटतात. आतल्या सगळ्या कोपऱ्यांतून फेविकॉल आणि लाकडाच्या भुशाची लापशी बोटाने ओढून घ्यावी. सिलिकॉन वापरला तर पेटी किमान एक दिवस उघडी ठेवा. ओल्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येत असतो, ती वाफ सबवूफरच्या धातूच्या भागांना गंजवते. तारेचे टर्मिनल बसवतानाही मागून सील करायला विसरू नका, गळती बहुतेक वेळा तिथेच सापडते. सबवूफरच्या कडेखाली फोमची पट्टी हवी.

झाल्यावर तपासायची रीत सोपी आहे. दोन्ही हातांच्या बोटांनी कोन समतोल ठेवून हळूच आत दाबा आणि सोडा. पेटी नीट बंद असेल तर कोन सावकाश, जरासा अडून परत येतो. झटकन परत आला तर कुठून तरी हवा जाते आहे, मग कानाने किंवा अगरबत्तीच्या धुराने जागा शोधा.

आत उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस सैलसर पिंजून भरला तर सबवूफरला पेटी थोडी मोठी झाल्यासारखी वाटते. व्यवहारात हा फायदा १० ते १५ टक्के धरावा. कापूस कॉइलच्या मागच्या छिद्रात जाऊ नये म्हणून त्या बाजूला जाळीचे कापड लावा.

शेवटची गोष्ट पेटी बांधण्याची. सबवूफरसकट पंधरा-वीस किलोचे हे धूड जोरात ब्रेक लागला की मागच्या सीटवर जाऊन आदळते, आणि मागे मुले बसलेली असतात. गाडीत असलेल्या हुकांना रॅचेटचा पट्टा लावून पेटी आवळलीच पाहिजे. स्टेपनी काढण्यासाठी पट्टा सोडवता येईल अशी सोय ठेवा.

कृष्णाकाठ (सांगली)

सुताराला हे सगळे छापून दिले आहे. पेटी झाली की ८ गेजची तांब्याची तार आणि पुढच्या महिन्यात ३०० वॉटचा क्लास डी मोनो, असा क्रम ठरवला. स्टिरिओ कंपनीचा असल्यामुळे त्याला आरसीए पिना (सिग्नल बाहेर काढायची सॉकेट) नाहीत, वॉरंटीसाठी तारा कापायलाही नको आहेत. आणि गेन किती ठेवायचा हे एकदा नीट समजावून सांगावे ही विनंती. दुकानात तो पूर्ण फिरवून ठेवला होता.

खर्जनाद (पुणे)

हाय-लेव्हल इनपुट असलेला अ‍ॅम्प्लिफायर घ्या, म्हणजे स्पीकरच्या तारांवरूनच सिग्नल घेता येतो. स्टिरिओच्या मागच्या सॉकेटमध्ये मध्ये बसणारे तयार कपलर मिळतात, त्यामुळे मूळ वायरिंगला कात्री लागत नाही. अनेक कंपनी-स्टिरिओ आवाज वाढवला की स्पीकर वाचवण्यासाठी बेस आपणहून कमी करतात. आपला तसे करतो का ते खालच्या मोजणीतच कळेल.

गेन ही आवाजाची कळ नव्हे. स्टिरिओ जितका सिग्नल देतो तितक्यात अ‍ॅम्प्लिफायरने पूर्ण ताकद गाठावी एवढेच तिचे काम. सबवूफरची तार अ‍ॅम्प्लिफायरवरून काढून ठेवा. स्टिरिओचा बेस-ट्रेबल शून्यावर, अ‍ॅम्प्लिफायरचा बेस बूस्ट शून्यावर, लो-पास (ठरावीक कंपनसंख्येच्या वरचे सूर अडवणारी चाळणी) सर्वांत वर आणि गेन अगदी खाली घ्या. पेनड्राइव्हवर ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा टोन लावून स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर न्या. आता अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटवर मल्टिमीटर एसी व्होल्टला लावून गेन हळूहळू वाढवा. वॉट गुणिले ओहम, त्याचे वर्गमूळ, हे आपले व्होल्ट. ३०० वॉट आणि ४ ओहमला ते ३४.६ येते, तिथे थांबायचे. आताच्याच अ‍ॅम्प्लिफायरवर काही दिवस काढायचे असतील तर १५० वॉटच्या हिशेबाने २४.५ व्होल्ट धरा. याच मांडणीत ५० हर्ट्झचा टोन अर्ध्या आवाजाला आणि तीन चतुर्थांशाला आळीपाळीने लावून व्होल्ट पाहा, आणि मग ४०० हर्ट्झच्या टोनने तेच करा. ४०० ला व्होल्ट जितक्या पटीने वाढतात त्यापेक्षा ५० ला बरेच कमी वाढले, तर आपला स्टिरिओ बेस आवळतो आहे असे समजावे.

त्यानंतर सबवूफर जोडून लो-पास ८० हर्ट्झवर आणा. पुढच्या स्पीकरांना अ‍ॅम्प्लिफायर नसल्यामुळे त्यांना ८० चा हाय-पास (त्याखालचे सूर अडवणारी चाळणी) सहज देता येणार नाही, तरी स्टिरिओतला बेस दोन-तीन पायऱ्या खाली घेऊन पाहा, दारे कमी थरथरतील. मग ८० हर्ट्झचा टोन लावून आपण चालकाच्या जागी, काचा बंद करून बसा आणि घरच्या कोणाला तरी डिकीजवळची फेजची कळ (सबवूफरची आतबाहेर हालचाल उलटी करणारी) ० वरून १८० वर आणि परत करायला सांगा. ज्या बाजूला आवाज मोठा येतो तीच बाजू बरोबर, कारण तिथे पुढचे स्पीकर आणि सबवूफर एकमेकांना साथ देत असतात. पेटीचे तोंड मागच्या दाराकडे ठेवून आणि नंतर सीटकडे ठेवून हीच चाचणी पुन्हा घ्या, ७०-८० हर्ट्झच्या पट्ट्यात बराच फरक पडतो.

नंबरप्लेट खडखडत असेल तर तिच्यामागे फोमची पट्टी लावा, आणि मागच्या दाराचा प्लॅस्टिकचा ट्रिम काढून आतल्या पत्र्यावर ब्यूटाइलचे डॅम्पिंग शीट चिकटवा. बेस वाढवण्यापूर्वी हे करून घेतलेले बरे, कारण खडखड असताना गेन किंवा लो-पास कानाने जुळवता येत नाही.